डॉ. हेन्री बेन्स जोन्स : मूत्रपरीक्षेतून कर्करोगाची खूण शोधणारा वैद्य

थोर पुरुषांची चरित्रे लिहावयाची म्हटली म्हणजे राजे, सेनापती, कवी व संत यांच्याकडे लेखणी सहज वळते. ज्याने कधी रणांगण पाहिले नाही, ज्याच्या हाती तलवारीऐवजी काचेची एक नळी होती आणि ज्याचे सारे पराक्रम स्पिरिटच्या दिव्याच्या मंद ज्योतीपाशी घडले, अशा पुरुषाची आठवण क्वचितच कोणास होते. तथापि अशांपैकीच एकाचे नाव आज जगातील प्रत्येक वैद्यकीय विद्यालयात उच्चारले जाते. आमच्या नांदेडास इ. स. १९८८ पासून व लातुरास इ. स. २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या वहीतही ‘बेन्स जोन्स प्रथिन’ हे शब्द आढळतात. परंतु हे बेन्स जोन्स कोण, हे विचारले तर पुष्कळांस उत्तर देता येत नाही. ही उणीव यथाशक्ती भरून काढावी, या हेतूने त्यांचे अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मूत्र पाहून रोग ओळखण्याची कल्पना आमच्या देशास नवी नव्हे. आमच्या जुन्या वैद्यांच्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या पाठोपाठ मूत्राचेच स्थान आहे. मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो यावरून साध्यासाध्यतेचा विचार करण्याची रीतही होती. पाश्चात्य देशांत मूत्राचा रंग व गाळ पाहून निदान करणारे वैद्य शेकडो वर्षे होऊन गेले. मात्र मूत्रात नेमके कोणते द्रव्य आहे, ते किती आहे व ते तेथे का आले, हे प्रश्न रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकातच पडला. इ. स. १८२७ मध्ये लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी असे दाखविले की, अंगावर सूज आलेल्या काही रोग्यांचे मूत्र तापविले असता त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे द्रव्य गोठते, आणि अशा रोग्यांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात. या द्रव्यास अल्ब्युमिन म्हणतात. हे एक प्रथिन होय. आमचे चरित्रनायक ज्या वाटेने पुढे गेले, त्या वाटेवरचा हा पहिला दगड ब्राइट यांनी रोवला होता.

हेन्री बेन्स जोन्स यांचा जन्म इ. स. १८१३ च्या डिसेंबर महिन्याच्या ३१ व्या तारखेस इंग्लंडातील सफोक परगण्यात झाला. वडील घोडदळातील अधिकारी होते व मातामह धर्मोपदेशक होते. ‘बेन्स’ हे आईच्या माहेरचे नाव. हॅरो येथील प्रसिद्ध शाळेत व नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. घरची स्थिती चांगली होती. मनात आणते तर इतर अनेक श्रीमंत तरुणांप्रमाणे त्यांस सुखासीन आयुष्य कंठता आले असते. परंतु इ. स. १८३८ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला आणि तेथपासून श्रमांशी त्यांची जी गाठ पडली, ती जन्मभर सुटली नाही.

त्या काळी वैद्य व रसायनशास्त्रज्ञ हे दोन निराळे प्राणी समजले जात. रोग्याच्या उशाशी बसणारा वैद्य प्रयोगशाळेत पाऊल टाकीत नसे, आणि प्रयोगशाळेत रमणाऱ्या पंडितास रोग्याचे तोंड पाहण्याचे कारण पडत नसे. ही फारकत आमच्या चरित्रनायकास मानवली नाही. त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात थॉमस ग्रॅहम या नामांकित रसायनशास्त्रज्ञाचे शिष्यत्व पत्करले. तेवढ्याने तृप्ती होईना, म्हणून इ. स. १८४१ मध्ये ते जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस लीबिग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. शरीरातील व्यापार म्हणजेही एका परीने रसायनेच होत, असा लीबिग यांचा सिद्धांत होता, व त्यासाठी सर्व देशांतून विद्यार्थी त्यांच्याकडे धाव घेत. तेथून परतल्यावर इ. स. १८४२ मध्ये बेन्स जोन्स यांचा विवाह लेडी मिलिसेंट अचेसन यांच्याशी झाला. त्याच वर्षी मूतखडा व संधिरोग यांवरील त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. मूतखड्याची कळ काय असते, हे आमच्या भागातील अनेकांस सांगावयास नको. तो खडा कोणत्या द्रव्याचा बनला आहे हे ठरविल्यावाचून त्यावर उपाय योजणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय, हे या पुस्तकाचे सार म्हणता येईल.

इ. स. १८४५ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची दुय्यम वैद्य म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी अखेरीस ती घटना घडली, जिच्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले.

लंडनमध्ये पंचेचाळीस वर्षांचा एक प्रतिष्ठित किराणा व्यापारी राहत असे. इ. स. १८४४ च्या सप्टेंबरात तो हवापालटासाठी बाहेरगावी गेला असता एका भुयारातून उडी मारून वर येताना त्याच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि भयंकर कळ आली. पुढे दुखणे वारंवार उलटू लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे छातीस पट्टी बांधण्यात आली, रक्त काढण्यात आले, जळवा लावण्यात आल्या. मध्यंतरी लोह व क्विनीन यांनी त्यास इतका आराम पडला की, इ. स. १८४५ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या टेकड्यांवरून तो पायी हिंडला. परंतु दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो, तसाच हा प्रकार ठरला. ऑक्टोबरात त्याची प्रकृती पुन्हा ढासळली. अंगातील हाड न् हाड दुखू लागले, व पायांवर सूज दिसू लागली. डॉ. थॉमस वॉटसन त्याचा इलाज करीत होते. त्यांनी डॉ. विल्यम मॅकिंटायर यांस सल्ल्यासाठी बोलाविले. सूज पाहून मॅकिंटायर यांस ब्राइट यांचे संशोधन आठवले व त्यांनी मूत्र तापवून पाहिले. आत प्रथिन आहे हे दिसले, परंतु ते नेहमीच्या अल्ब्युमिनप्रमाणे वागेना! दोघाही वैद्यांस कोडे पडले. इ. स. १८४५ च्या नोव्हेंबरच्या १ ल्या तारखेस, शनिवारी, त्या मूत्राची एक नळी व सोबत एक चिठ्ठी बेन्स जोन्स यांच्याकडे येऊन पोहोचली. उकळले असता हे मूत्र गढूळ होते, नत्राम्ल घालताच फसफसून पुन्हा निवळते, आणि निवाले की घट्ट होते. तर हे आहे तरी काय, अशी पृच्छा त्या चिठ्ठीत होती.

यातील चमत्कार वाचकांच्या ध्यानी यावा म्हणून थोडा खुलासा करितो. अंड्यातील पांढरा बलक पाण्यात कालवून आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत तापवून पाहिला आहे. प्रथम ते पाणी दुधासारखे होते व मग त्यात पांढऱ्या गुठळ्या धरतात. एकदा धरलेल्या या गुठळ्या कितीही तापविल्या अथवा निवविल्या तरी पुन्हा विरघळत नाहीत. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, हे घरोघरच्या अनुभवाचे आहे. परंतु बेन्स जोन्स यांच्या नळीतील द्रव्याची रीत उलटी होती. अम्लाने जमलेला साका तापविला की विरघळून जाई, आणि नळी निवताच पुन्हा खाली बसे. कितीही वेळा करावे, तोच खेळ.

दुसरा कोणी असता तर एक विचित्र नमुना म्हणून ती नळी ओतून मोकळा झाला असता. आमच्या चरित्रनायकाने तसे केले नाही. त्यांनी ते द्रव्य मद्यार्काने वेगळे काढले, धुतले, वाळविले, तोलले व त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविले. मूत्राच्या एक हजार भागांत या द्रव्याचे सुमारे ६७ भाग त्यांस आढळले. निरोगी माणसाच्या रक्तात अल्ब्युमिन जितके असते, जवळजवळ तितकेच हे द्रव्य त्या रोग्याच्या मूत्रावाटे जात होते. म्हणजे रोगी जेवीत होता खरा, पण त्याच्या शरीराचे धन अहोरात्र झिरपून जात होते. फुटक्या रांजणात पाणी भरावे तशी ती गत होती.

उपाय कोणासही सापडला नाही. इ. स. १८४६ च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवशी त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याने देह ठेविला. प्रेताची चिकित्सा झाली तेव्हा फासळ्या इतक्या मऊ झाल्या होत्या की, त्या सुरीने सहज कापल्या जात व बोटांनी मोडत. हाडांच्या आत तांबूस, लिबलिबीत पदार्थ भरला होता. जॉन डॅलरिंपल या शल्यवैद्याने तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला असता त्यात विलक्षण पेशी आढळल्या. सर्वांत आश्चर्याची गोष्ट ही की, ज्या मूत्रपिंडांवर सर्वांचा संशय होता ती नजरेस निरोगी दिसली! तेव्हा मूत्रातील प्रथिनाचे मूळ मूत्रपिंडांत नसून हाडांत असले पाहिजे, असा तर्क निघत होता. मूत्रातील एक द्रव्य शरीराच्या दुसऱ्याच कोपऱ्यात लपलेल्या रोगाची बातमी देत होते. कर्करोगाची वार्ता देणारे रासायनिक चिन्ह मनुष्याच्या हाती लागल्याचा हा पहिलाच प्रसंग होय, असे आज वैद्यकाचे इतिहासकार मानतात.

इ. स. १८४७ व १८४८ या वर्षांत बेन्स जोन्स यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. हाडे मऊ होण्याच्या अशा रोगात हे द्रव्य पुन्हा पुन्हा शोधून पाहावे, अशी सूचना त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंस केली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्या द्रव्याची घटना त्यांस उमगली नव्हती. ते अल्ब्युमिनचाच प्राणवायूशी संयोग होऊन झालेला प्रकार आहे, अशी त्यांची समजूत होती व ती चुकीची ठरली. परंतु त्यांनी जे पाहिले, तोलले व नोंदले, त्यातील काहीही खोटे ठरले नाही. तर्क चुकला तरी निरीक्षण खरे असेल तर शास्त्राची हानी होत नाही. पुढील पिढी तर्क सुधारून घेते. याच्या उलट, निरीक्षणच खोटे असेल तर सुंदर तर्कही कवडीमोलाचा होय.

पुढील पिढ्यांनी हेच केले. हाडांच्या मगजात उद्भवणाऱ्या त्या कर्करोगास इ. स. १८७३ मध्ये ‘मल्टिपल मायलोमा’ हे नाव मिळाले. पुढे त्या मूत्रद्रव्यासही बेन्स जोन्स यांचे नाव देण्यात आले. तरीही ते द्रव्य आहे तरी काय, याचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. इ. स. १९६२ मध्ये अमेरिकेतील जेराल्ड एडेलमन व जोसेफ गॅली यांनी सिद्ध केले की, रोगजंतूंशी झगडण्यासाठी आपले शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करिते, त्यांच्या हलक्या साखळ्या म्हणजेच हे प्रथिन होय. मगजातील बिघडलेल्या पेशी या साखळ्या अमर्याद निर्माण करितात, त्या मूत्रपिंडांतून गळतात आणि कालांतराने मूत्रपिंडांसही जायबंदी करितात. एडेलमन यांस प्रतिद्रव्यांच्या संशोधनाबद्दल इ. स. १९७२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एका किराणा व्यापाऱ्याच्या नळीभर मूत्रापासून निघालेली वाट अशी कोठच्या कोठे जाऊन पोहोचली!

असो. आता चरित्राचा पुढील धागा हाती घेऊ. इ. स. १८४६ मध्ये बेन्स जोन्स यांस सेंट जॉर्ज रुग्णालयात मुख्य वैद्याची जागा मिळाली व त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सभासदत्वही लाभले. इ. स. १८५० मध्ये पोटाच्या व मूत्रपिंडाच्या विकारांत रसायनशास्त्राचा उपयोग कसा करावा, या विषयावरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी लंडनमध्ये लहान मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा बेन्स जोन्स त्यांच्या साहाय्यास उभे राहिले. इ. स. १८५२ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे ते रुग्णालय सुरू झाले व आजही तेथे सहस्रावधी बालकांवर उपचार होतात. रोगी म्हणून त्यांच्याकडे येणाऱ्यांत चार्ल्स डार्विन यांच्यासारखे पंडितही होते.

इ. स. १८६५ च्या सुमारास त्यांनी केलेला एक प्रयोग तर फारच मनोवेधक आहे. तोंडावाटे घेतलेले औषध शरीरात किती वेळात व कोठवर पोहोचते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. लिथियम नावाच्या धातूचा क्षार ज्योतीत धरिला तर तांबडी रेषा उमटते, व ती वर्णपटदर्शकाने तत्काळ ओळखता येते. हा क्षार त्यांनी गिनीपिग या लहान प्राण्यांस दिला व त्यांच्या निरनिराळ्या अवयवांत तो शोधला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावयाच्या रोग्यांसही शस्त्रक्रियेपूर्वी तो पाजला आणि काढलेल्या भिंगात त्याचा माग घेतला. ज्या भिंगात रक्तवाहिनी मुळीच नाही, तेथेही अवघ्या काही तासांत तो क्षार जाऊन पोहोचला होता! शरीराचा कोणताही कोपरा रक्ताच्या वार्तेपासून अलिप्त नाही, हे यावरून दिसून आले. रक्त व मूत्र तपासून दूरच्या अवयवाची खबर घेता येईल, ही आजच्या संशोधनाची जी बैठक, तीच येथे दिसते.

इ. स. १८६० पासून रॉयल इन्स्टिट्यूशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. या संस्थेतच महान शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचे सारे आयुष्य गेले. फॅरडे यांच्याशी त्यांचा निकट स्नेह होता, व वृद्धपणी त्यांच्या प्रकृतीची काळजीही ते वाहत. इ. स. १८६७ मध्ये फॅरडे निवर्तल्यावर बेन्स जोन्स यांनी त्यांची पत्रे व टिपणे मोठ्या निष्ठेने गोळा करून इ. स. १८७० मध्ये दोन भागांत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. स्वतःच्या कीर्तीस्तव ज्याने विशेष खटपट केली नाही, त्याने मित्राची कीर्ती जतन करण्यासाठी आपला दुर्मीळ वेळ वेचला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वेळ दुर्मीळ म्हणण्याचे कारण असे की, त्या काळी ते स्वतःच मृत्यूच्या छायेत वावरत होते. तरुणपणी झालेल्या संधिज्वराने त्यांच्या हृदयास अपाय केला होता. इ. स. १८६१ च्या सुमारास तो विकार बळावला व पुढील वर्षी रुग्णालयातील जागा सोडणे भाग पडले. शेकडो रोग्यांच्या छातीस कान लाविलेल्या या वैद्यास आपल्या हृदयाचा निकाल स्पष्ट कळत होता. तरी लिथियमचे प्रयोग व फॅरडे यांचे चरित्र ही दोन्ही कामे त्या निकालानंतरचीच आहेत. इ. स. १८७३ च्या एप्रिलच्या २० व्या तारखेस, वयाच्या साठाव्या वर्षी, लंडन येथे त्यांची प्राणज्योत मालवली. मृत्यूसमयी त्यांची ख्याती होती ती एक नामांकित वैद्य व विद्यासंस्थेचे चिटणीस म्हणून. ज्या प्रथिनामुळे आज आपण त्यांस ओळखतो, त्याचे महत्त्व त्या वेळी फार थोड्यांस कळले होते.

आता वाचक विचारतील की, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कथेचा आज आम्हांस काय उपयोग? उत्तर असे की, तीच शोधयात्रा अद्यापि चालू आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. हा रोग आरंभी मुका असतो. मूत्रातून रक्त, कुशीत दुखणे अथवा गाठ ही चिन्हे दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. अनेकांचा रोग तर भलत्याच कारणाने पोटाची सोनोग्राफी केली असता अवचित सापडतो. लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने रोगी बरा होण्याची आशा मोठी. शरीरभर पसरल्यावर ती फार थोडी. म्हणून रक्तात वा मूत्रात या रोगाची आगाऊ वर्दी देणारे एखादे प्रथिन मिळते काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. बेन्स जोन्स यांच्यापाशी एक दिवा व एक तराजू होता; आजच्या संशोधकांपाशी प्रथिनांचे तुकडे करून एकेका तुकड्याचे वजन ठरविणारी यंत्रे आहेत. रोगी व निरोगी यांच्या नमुन्यांतील शेकडो प्रथिने शेजारीशेजारी ठेवून कोणते वाढले व कोणते घटले, हे ती दाखवितात. मूत्रातील अॅक्वापोरिन-१ व पेरिलिपिन-२, रक्तातील किम-१ अशी काही आशादायक नावे पुढे आली आहेत. तथापि नित्याच्या व्यवहारात निर्धास्तपणे वापरावी अशी सर्वमान्य खूण अजून ठरलेली नाही. कारण खूण नुसती सापडून भागत नाही. निरोग्यास रोगी ठरविणारी खूण विनाकारण भय उत्पन्न करिते, व रोग्यास निरोगी ठरविणारी खूण घात करिते. शेकडो लोकांवर ती पारखून घ्यावी लागते, आणि तेथेच पुष्कळ आशा गळून पडतात.

या विद्येत महाराष्ट्रही मागे राहिलेला नाही. इ. स. १९४१ च्या फेब्रुवारीत मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू, चुना व पोशाख अशा नित्याच्या सवयींशी कर्करोगाचा संबंध जोडून दाखविला. डॉ. कमला सोहोनी यांनी डाळींतील प्रथिनांचे परिश्रमपूर्वक पृथक्करण केले. लातूरची डाळ ज्यांच्या ताटात रोज पडते, त्या आम्हां मराठवाड्याच्या लोकांस तर हे नाव विशेष आपुलकीचे वाटावे. इ. स. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यापासून उच्च शास्त्रीय शिक्षणाची दारेही घराजवळ उघडली आहेत. असे असूनही आमच्या खेड्यापाड्यांतील किती माणसे दुखणे अंगावर काढितात! लघवीस तांबडेपणा आला तर उन्हाचा ताप म्हणून सोडून देतात, आणि पाणी डोक्यावरून गेल्यावर रात्रीची आगगाडी धरून परळची वाट चालू लागतात. त्या गाडीतील गाठोडे उशाशी घेऊन बसलेला म्हातारा व त्याच्या पायांशी पेंगणारा मुलगा ज्याने पाहिला आहे, त्यास रोग लवकर ओळखण्याची किंमत कोणी समजावून सांगावयास नको.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक पुढे वैद्य होतील, कित्येक प्रयोगशाळेत काम करितील. एखादे दिवशी तुमच्याही हाती अशी एक नळी येईल, जी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वागणार नाही. त्या दिवशी ती ओतून टाकण्याची घाई करू नका. ती पुन्हा तापवा, पुन्हा निववा, तोला व जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवा. तुमच्या रोग्यास त्याचा लाभ होईल की नाही, हे सांगता येत नाही. त्या लंडनच्या व्यापाऱ्यास झाला नाही. परंतु त्याच्यामागून आलेल्या असंख्य रोग्यांस झाला, आणि बेन्स जोन्स यांच्या आयुष्याचे खरे फलित हेच होय.